गल्लीतलं एक कुत्रं, शेवटपर्यंत: श्वान बचावकार्याला हातभार कसा लावायचा

प्राण्यांच्या कुठल्याही बचाव संस्थेच्या फोनवर दिवसभर एकाच तऱ्हेचे मेसेज येत असतात. रक्ताळलेल्या कुत्र्याचा फोटो, खाली ‘प्लीज हेल्प, अर्जंट’, एखाद्या चौकाचं नाव, आणि पाठवणारा पुढे निघून गेलेला. गाडी तासा-दोन तासांनी पोचते तोवर कुत्रं तिथे नसतं. घाबरलेलं, दुखावलेलं जनावर गाडीखाली, गटाराच्या पाइपात, कुठल्या तरी बंद दुकानाच्या पायरीमागे जाऊन दडतं. गाडी रिकामी परत जाते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी तिचीच वाट बघत बसलेलं असतं.

संस्थांना पैसा कमी पडतो हे खरंच आहे. पण त्याहून कमी पडतात जागा आणि माणसं: उपचारानंतर जनावर ठेवायला पिंजरा, गाडी येईपर्यंत थांबणारा माणूस, टाके निघेपर्यंत रोज नजर ठेवणारा शेजारी. ही कामं करायला पशुवैद्य असावं लागत नाही. नोकरी सांभाळून, दोन खोल्यांच्या घरात राहूनही ती जमतात, फक्त हातात घेतलेलं एक काम शेवटाला न्यायची तयारी हवी. हा लेख त्या तयारीसाठी.

सगळ्यात आधी स्वतःची लस

रस्त्यावरच्या कुत्र्यांना हात लावायचा विचार असेल तर रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घ्या. तीन डोस असतात: पहिला, मग सातव्या दिवशी, मग एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. आपल्याकडे अजून ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ ही धास्ती घराघरांत आहे. ती पद्धत केव्हाच बंद झाली, आता लस दंडात देतात.

चावा किंवा दाताचा ओरखडा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा फार लांब असतात. हळद, चुना, तिखट, तेल काही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. प्रतिबंधक डोस आधी झालेले असले तरी चाव्यानंतर दोन डोस घ्यावेच लागतात. झाले नसतील आणि जखमेतून रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूशी लगेच लढणारी तयार प्रतिपिंडं) द्यावं लागतं, त्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय उरत नाही.

जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, चालताना तोल जातोय, समोर येईल त्याला चावतंय असं कुत्रं दिसलं तर जवळ जायचं नाही. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजारातही यातली काही लक्षणं दिसतात, पण तो फरक लांबून ओळखायचं काम आपलं नाही. लोकांना बाजूला करा आणि महापालिकेला किंवा संस्थेला ‘रेबीजचा संशय आहे’ या शब्दांत कळवा.

गल्लीची वही

दुसरं काम घरबसल्या सुरू होतं. एका वहीत किंवा मोबाइलवर आपल्या गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद करा. रंग, नर की मादी, अंदाजे वय, दोन्ही बाजूंनी फोटो, कुठे झोपतं, कोण खायला घालतं. मुख्य नोंद कानाची. निर्बीजीकरण झालेल्या कुत्र्याच्या एका कानाच्या कडेला खाच केलेली असते. खाच दिसली म्हणजे ऑपरेशन झालेलं आहे आणि त्या वेळी रेबीजची लसही दिलेली आहे असं साधारणपणे धरता येतं. ती लस नंतर ठरावीक काळाने पुन्हा द्यावी लागते, म्हणून तारीख कळली तर तीही लिहा.

वहीचा उपयोग वेळ आल्यावर कळतो. ‘आमच्या भागात खूप कुत्री आहेत’ ही तक्रार फायलीत पडून राहते. ‘बँकेमागच्या गल्लीत नऊ कुत्री, त्यातल्या चार माद्यांच्या कानाला खाच नाही, रात्री दहाला सगळ्या पानटपरीजवळ सापडतात’ असं लिहून दिलं की पकडणारी गाडी यायला तयार होते, कारण तिचा अर्धा दिवस वाचलेला असतो.

जखमी कुत्रं दिसलं तर

आधी रहदारीकडे बघा, मग कुत्र्याकडे. गाडी आडवी लावून किंवा कोणाला तरी उभं करून रस्ता मोकळा करा. अंगावर धावून जाऊ नका, बाजूने सावकाश जा, डोळ्यांत रोखून पाहू नका.

मग कळवा. मेसेजमध्ये हे असायला हवं: मोबाइलवरचं नेमकं लोकेशन आणि जवळच्या दुकानाचं नाव, काय झालंय ते एका वाक्यात, कुत्रं उभं राहतंय की नाही, जखमेचा आणि पूर्ण अंगाचा असे दोन फोटो, तुमचा नंबर, आणि ‘मी इथे थांबलो आहे’. शेवटचं वाक्य खरं असलं पाहिजे. अगदीच थांबणं शक्य नसेल तर जवळच्या रिक्षा स्टँडवर किंवा दुकानात एका माणसाला सांगून, त्याचा नंबर देऊन जा.

फोन कुठे करायचा हे आजच शोधून ठेवा. पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट, मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज, इन डिफेन्स ऑफ अॅनिमल्स अशा जुन्या संस्था आहेत. तालुक्याच्या गावी बहुधा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना हाच आधार असतो, आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. पथकाचा मुख्य भर गाई-म्हशींवर असतो, तरी विचारायला हरकत नाही.

गाडी येणारच नसेल आणि स्वतः न्यावं लागणार असेल, तर तोंड बांधल्याशिवाय उचलू नका. एरवी कितीही मायाळू कुत्रं असलं तरी मोडलेल्या पायाला धक्का लागला की ते चावतं. सुती ओढणी किंवा बँडेजची लांब पट्टी घ्या. मधोमध एक सैल फास करा. समोरून न जाता बाजूने किंवा मागून तो फास नाकाडावर सरकवा, डोळ्यांच्या बराच खाली आणि नाकपुड्यांच्या वर, म्हणजे श्वास अडत नाही. फास आवळा, दोन्ही टोकं जबड्याखाली नेऊन एक आढी द्या, मग कानांच्या मागे नेऊन सुरगाठ मारा. सुरगाठच हवी, कारण एका झटक्यात सोडता आली पाहिजे. कुत्रं ओकत असेल, धापा टाकत असेल किंवा तोंडातून रक्त येत असेल तर तोंड बांधू नका. अशा वेळी अंगावर जाड चादर टाका आणि हात तोंडापासून दूर ठेवा.

उचलताना दोघं हवेत. कंबर किंवा पाठ मोडलेली असू शकते, म्हणून पाय धरून ओढायचं नाही. शेजारी चादर, गोणपाट किंवा फळी ठेवून कुत्र्याला हळूच त्यावर सरकवा आणि चारही कोपरे धरून उचला. रिक्षावाले सीट खराब होईल म्हणून नकार देतात. तुमच्याकडे प्लास्टिकचा मोठा तुकडा असला आणि भाडं आधी ठरवलं तर बरेचसे तयार होतात. काही जण पुढे स्वतःच फोन करून सांगू लागतात की अमुक ठिकाणी कुत्रं पडलंय.

माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका, आयबुप्रोफेनसारखी औषधं कुत्र्यांना घातक ठरतात. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून वाटेत खायलाही घालू नका.

पावसाळ्यात जखमेत अळ्या पडलेली कुत्री फार दिसतात. छोट्या जखमेवर माशी बसली की थोड्या दिवसांत आतून पोखरून निघतं. मान तिरकी धरून सतत डोकं झटकणारं, कुजका वास येणारं कुत्रं असेल तर कानात बघा. त्यावर फिनेल, पेट्रोल, रॉकेल ओतायची सवय अजून गेलेली नाही. त्याने अळ्या मरतीलही, पण उघडं मांस भाजतं आणि ते रसायन चाटून पोटातही जातं. अळ्यांचा योग्य स्प्रे आणि पोटातून द्यायचं औषध पशुवैद्याला विचारूनच द्या. वेळेत सापडलं तर भयंकर दिसणारी जखमही भरून येते.

उपचारानंतरचे दिवस

मला विचाराल तर सामान्य माणसाची खरी गरज इथे आहे, आणि इथेच माणसं सगळ्यात कमी येतात.

एक उदाहरण घ्या. रस्त्यावरच्या कुत्र्यांत टीव्हीटी नावाचा गाठीचा आजार आढळतो. तो समागमातून पसरतो. कुत्र्याच्या किंवा कुत्रीच्या लिंगाजवळून थेंबथेंब रक्त पडत राहतं. मादी असेल तर लोकांना ती माजावर आली आहे असं वाटतं आणि महिनोन्‌महिने कोणी बघत नाही. हा कर्करोगच, पण बहुतेक कुत्री यातून पूर्ण बरी होतात. व्हिंक्रिस्टिन नावाचं औषध आठवड्यातून एकदा शिरेतून द्यावं लागतं, साधारण चार ते सहा आठवडे.

आता संस्थेच्या बाजूने बघा. हे कुत्रं चालतंय, खातंय, पण सहा आठवडे एक पिंजरा अडवून बसणार. त्याच पिंजऱ्यात तेवढ्या दिवसांत मोडलेल्या पायाची दोन-तीन कुत्री बरी होऊन गेली असती. गल्लीतलं कोणी दर आठवड्याला ठरल्या दिवशी त्याला दवाखान्यात घेऊन गेलं, किंवा गाडी येईल तेव्हा पट्टा लावून धरून ठेवलं, तर पिंजरा मोकळा राहतो आणि कुत्रं आपल्या जागेवर राहून बरं होतं. कामाचा बोजा आठवड्याला दोन तास. औषध जहाल असल्यामुळे इंजेक्शननंतरचे काही दिवस त्याची लघवी-विष्ठा उघड्या हाताने साफ करू नये आणि गरोदर बाईने ते काम करू नये, एवढी काळजी घ्यायची. मधला आठवडा चुकवला तर गाठी पुन्हा वाढायची भीती असते, म्हणून गावाला जाणार असाल तर दुसऱ्या कोणाला तरी आधीच तयार करा.

खरूज, मोडलेला पाय, टाके, सगळ्यात हेच सूत्र. संस्थेला थेट विचारा: ‘याला लवकर सोडता यावं म्हणून मी काय करू?’ गोळ्या द्यायच्या असतील तर चिकनचे तीन तुकडे घ्या. पहिला नुसता, दुसऱ्यात गोळी, तिसरा लगेच हातात दिसेल असा धरायचा. तिसऱ्याच्या ओढीने दुसरा न चावता गिळला जातो. गोळी पोटात गेली की बाहेर पडली हे पाहूनच उठा. रोज एकाच वेळी, एकाच जागी, एकाच आवाजात हाक मारलीत की चौथ्या-पाचव्या दिवसापासून कुत्रं तुमच्या आधी तिथे हजर असतं. जखमेचा रोज एक फोटो, त्याच अंतरावरून, डॉक्टरांना पाठवा.

निर्बीजीकरण: भाद्रपदाच्या आधी

भाद्रपदातली कुत्री आपल्या बोलीतच आहेत. कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा, म्हणजे भाद्रपदात जमलेल्या जोड्यांची पिल्लं कार्तिकाच्या आसपास, ऐन थंडीच्या तोंडावर रस्त्यावर येतात. त्यातली किती तरी गाडीखाली आणि पार्व्हो या पिल्लांच्या जुलाबाच्या साथीने जातात. आषाढापर्यंत गल्लीतल्या माद्यांचं निर्बीजीकरण उरकलं तर हिवाळ्यातले निम्मे फोन येणारच नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

‘मारून टाका’ हा उपाय नवा नाही. मुंबईत इंग्रज सरकारने तो केला आणि १८३२ मध्ये त्यावरून पारशी समाज रस्त्यावर उतरून दंगल झाली. पुढेही अनेक दशकं कुत्री मारली जात राहिली, तरी ती संपली नाहीत. मोकळ्या झालेल्या जागेत शेजारच्या भागातली येतात, कारण उकिरडा तिथेच असतो. दूर नेऊन सोडण्याचंही तेच होतं. आज केंद्र सरकारचे २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम सांगतात की कुत्र्याचं निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याला मूळ जागी सोडावं. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात हेच कायम ठेवलं, त्यातून रेबीजबाधित, संशयित आणि आक्रमक कुत्री वगळली. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली कुत्री तिथे परत सोडायची नाहीत असं सांगितलं. तुमच्या गल्लीतलं कुत्रं अशा आवारात झोपत असेल तर आधी स्थानिक पालिकेत चौकशी करा.

तुमचं काम असं: महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागात लेखी अर्ज द्या, वहीतली यादी जोडा. पकडायचा दिवस ठरला की आदल्या रात्रीपासून गल्लीत कोणी खायला घालू नये असं सगळ्यांना सांगा. रिकाम्या पोटी भूल सुरक्षित आणि भुकेलं कुत्रं जवळही येतं. पकडताना तुम्ही हजर राहा, ओळखीच्या माणसाच्या हातून पट्टा लागला तर जाळी लागतही नाही. मादीची आचळं ओथंबलेली दिसली तर ती पाजती आहे हे पथकाला ओरडून सांगा, पिल्लं दोन महिन्यांची होईपर्यंत तिचं ऑपरेशन थांबवावं लागतं. सोडताना प्रत्येक कुत्रं त्याच जागी सोडलं का, कानाला खाच आहे का, टाके कोरडे आहेत का, हे बघा आणि वहीत लिहा.

एक गल्ली पूर्ण झाल्याशिवाय दुसरी घेऊ नका. रेबीजच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेचा ठोकताळा ७० टक्के कुत्र्यांच्या लसीकरणाचा आहे. शेजारच्या गोव्यात मिशन रेबीज या संस्थेच्या पथकांनी वाड्या-वाड्यांतून जाळी घेऊन फिरत हे सातत्याने केलं आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला.

घरात तात्पुरती जागा देणं

फॉस्टर म्हणजे काही आठवडे सांभाळ. गॅलरी किंवा बाथरूमचा कोरडा कोपरा पुरतो. घेण्याआधी संस्थेबरोबर तीन गोष्टी लिहून ठेवा: औषधांचा खर्च कोणाचा, मुदत किती, आणि मुदतीत घर मिळालं नाही तर जनावर कोण परत घेणार. हे न ठरवल्यामुळे चांगली माणसं एकाच अनुभवानंतर काम सोडतात.

एकटी दिसणारी पिल्लं लगेच उचलू नका. आई बहुधा खायला गेलेली असते. लांब उभं राहून काही तास बघा. खरोखर अनाथ असतील तर आधी ऊब द्या, मग दूध. गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर पचत नाही. गाईचं दूध त्यांना सोसत नाही, औषधाच्या दुकानात पिल्लांची दूध पावडर मिळते. पाजताना पिल्लू पोटावर असावं, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही. तीन आठवड्यांच्या आतलं असेल तर प्रत्येक दुधानंतर ओल्या कापसाने पुसून लघवी-शी करवावी लागते.

पिल्लू मलूल होऊन ओकू लागलं, रक्ताची जुलाबं झाली, तर पार्व्होचा संशय घेऊन त्याच तासाला दवाखाना गाठा. हा विषाणू फरशीवर, चपलांवर महिनोन्‌महिने जिवंत राहतो. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या मिश्रणाने पुसावं, आणि त्या घरात बराच काळ लस न झालेलं पिल्लू आणू नये.

घर मिळवून देणं

फोटो उजेडात, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. मजकुरात खरं लिहा: फटाक्यांना घाबरतं, मांजरं चालत नाहीत, एक पाय आखूड आहे. फोन करणाऱ्याला विचारायचे प्रश्नही ठरवून ठेवा. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी आहे का? घरातल्या सगळ्यांना हवंय का? गणपतीला गावी जाताना आणि मे महिन्याच्या सुट्टीत कुत्रं कोणाकडे राहणार? ज्याच्याकडे या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही, त्याला अजून थांबायला सांगा. दत्तकपत्रावर निर्बीजीकरणाची अट असू द्या आणि पहिला महिना दर आठवड्याला फोन करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येऊ नये ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली आहे, हेही आधीच सांगा.

खायला घालताना

साधा भात, चिकन किंवा अंडं, मीठ-मसाला नाही. शिजवलेली हाडं फुटून आतड्यात रुततात. चॉकलेट, कांदा, द्राक्षं, मनुका कधीच नाही. जागा ठरलेलीच हवी: २०२३ च्या नियमांनुसार सोसायटीने किंवा स्थानिक प्रशासनाने ती जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून दूर ठरवून द्यायची असते, आणि न्यायालयानेही ठरलेल्या जागांबाहेर रस्त्यावर खायला घालायला मनाई केली आहे. खाणं संपलं की कागद-ताटल्या उचला. घाबरणाऱ्या शेजाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा त्याला वही दाखवा, कोणत्या कुत्र्याला लस झाली आहे ते सांगा. तेवढ्याने अनेकांचा आवाज खाली येतो.

विषप्रयोग किंवा मारहाण झाली तर

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला मारणं, विष घालणं, अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही लागू होतो, पाळलेलं कुत्रं सोडून देणं हाही त्याखाली गुन्हाच. मेलेलं कुत्रं पुरू नका. फोटो काढा, बर्फावर ठेवा, लेखी तक्रार देऊन सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयात शवविच्छेदनाची मागणी करा. आजूबाजूचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, ते आधी मागा. संशयिताचं नाव सोशल मीडियावर टाकू नका, त्याने तक्रार कमजोर होते.

पैसा, वस्तू आणि हातची कला

एकरकमी मोठ्या देणगीपेक्षा दरमहा ठरलेले दोनशे-पाचशे रुपये जास्त कामाचे, कारण भाडं, पगार आणि औषधं दरमहाच लागतात. संस्था नवी असेल तर आधी जाऊन बघा. एका जनावरासाठी पैसे मागितले जात असतील तर बिल मागा आणि शक्यतो थेट दवाखान्यात भरा. जुन्या चादरी, टॉवेल, वर्तमानपत्रं, पाणी तापवायच्या मोठ्या भांड्यांपर्यंत सगळं लागतं, पण नेण्याआधी यादी विचारा. हिशेब लिहिणारा, सरकारी पत्रव्यवहार मराठीत नीट करून देणारा, रविवारी स्वतःची गाडी चालवणारा माणूस अनेक संस्थांकडे नसतो.

करसवलतीसाठी संस्थेकडे आयकर कायद्याखालची देणगी-सवलतीची (८०जी नावाने ओळखली जाणारी) नोंदणी हवी, तिने देणगीचं प्रमाणपत्र द्यायला हवं, आणि सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. दोन हजारांवरची रोख देणगी तिच्यात धरत नाहीत.

परदेशातल्या मराठी मंडळींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या भारतातल्या खात्यातून दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड असलं तरी ती परदेशी देणगीच, आणि ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते. ती नसताना पैसे पाठवले तर संस्थाच अडचणीत येते, म्हणून आधी विचारा. नोंदणी नसेल तर त्या संस्थेच्या कामाला वेळ देऊ शकणारा आपल्या गावातला एखादा भाचा, पुतण्या किंवा शाळूसोबती शोधून दिलात तरी चालेल.